आबांचा अमेरिकेवर डोळा

जगातला प्रत्येक माणूस आपल्याकडे कायमचा राहायलाच निघालाय, अशी अमेरिकेची पक्की समजूत आहे. ती तिनं नुसती मनात ठेवलेली नाही, कायद्यात घालून ठेवलीय. १९५२ च्या कायद्याचं कलम २१४(ब) म्हणतं, पाहुणा म्हणून येणारा अर्जदार मुक्काम ठोकायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही हे त्यानं व्हिसा देणाऱ्या साहेबाला पटवून द्यायचं. सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावच्या आबांवर सध्या हा आळ आलाय. लेक पुण्यात होता तेव्हा आबा तिकडं गेले की तिसऱ्या दिवशी ‘हळद शिजवायची राहिली’ म्हणत परतीच्या गाडीत बसायचे, मग महिना आषाढाचा का असेना.

आता लेक टेक्सासात आहे आणि सुनेचं बाळंतपण आलंय. म्हणून आबा आणि आक्का गावातल्या ऑनलाइनवाल्या पोराच्या दुकानात बसलेत. पीकविमा, केवायसी, सातबारा ही या पोराची रोजची कामं. सर्व्हर डाऊन असताना गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं, यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण व्हिसाच्या डीएस-१६० नावाच्या फॉर्मनं त्यालाही घाम फोडला. वीस मिनिटं हात लावला नाही की फॉर्म मिटतो. आणि साखऱ्यात लाईट गेली तर ती वीस मिनिटांत परत यायची सवय तिला नाही.

“आबा, जन्मतारीख?”

“एक जून.”

“आक्कांची?”

“एक जूनच.”

गुरुजींनी शाळेत नाव घालताना अख्ख्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घातलं, हे वॉशिंग्टनला कोण सांगणार? नवरा-बायको, भाऊ, व्याही, सगळे एक जूनचे. तिथल्या संगणकाला हा कट वाटला तर दोष त्याचा नाही. पुढं आईवडिलांच्याही जन्मतारखा मागितल्यात. आबांनी आठवून सांगितलं की रझाकारांच्या धामधुमीत आई माहेरी लपून होती. पोरानं ‘माहीत नाही’वर टिचकी मारली. एवढी एक सोय त्या फॉर्मात माणुसकीची आहे.

मग आला खरा प्रश्न. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा जमातीचे आहात का? होय की नाही? मराठवाड्यातल्या माणसाला हे एका टिचकीत विचारणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल. आपल्या सरकारनं याच्याच उत्तरासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, निजामकाळातली दप्तरं उपसली, आझाद मैदानावर उपोषण झालं, तेव्हा कुठं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. (योगायोग बघा, त्याच २ सप्टेंबरपासून अमेरिकेनं ७९ च्या पुढच्या म्हाताऱ्यांची मुलाखतीतली सूटही काढून घेतली. पणजोबांनाही आता साहेबासमोर उभं राहायचंय.) आबांनी देवक सांगितलं, कुळी सांगितली, तलाठ्याकडं अडकलेला कागद सांगितला. पोरानं घाबरून ‘नाही’ केलं.

तुम्ही अतिरेकी कारवाया करायला चाललात का, असंही तिथं सरळ विचारलंय. या प्रश्नाला आजवर किती अतिरेक्यांनी ‘होय’ लिहिलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे. एखाद्या बंडखोर गटात होतात का, यावर मात्र आबा थबकले. जून २०२२ मध्ये सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्यांना असा फॉर्म भरावा लागला असता, तर महाराष्ट्राचा इतिहास वेगळा झाला असता. त्यांना विमानच मिळालं.

फोटोला टोपी चालत नाही, चष्मा चालत नाही. टोपी काढल्यावर आबांना आक्कांनीच नीट ओळखलं नाही. “ह्ये कोन बसवलंय?” म्हणाल्या. दोन इंच बाय दोन इंचात जो माणूस उमटला, तो साखऱ्यात कुणाच्याच ओळखीचा नाही. आबांची ओळख म्हणून हाच आता अमेरिकेच्या दप्तरी जाणार.

फी १८५ डॉलर. माणशी. हिंगोलीच्या मोंढ्यात भाव बरा असला तर क्विंटलभर हळदीचे पैसे. व्हिसा नाकारला तरी परत नाहीत. शिवाय जुलै २०२५ मधल्या कायद्यानं वर २५० डॉलरची ‘सचोटी फी’ मंजूर करून ठेवलीय. सचोटी आबांची, मोल ठरवणार ते. उलट तिकडच्या पर्यटकाला आपला ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, त्याला कुणी देवक विचारत नाही.

आमच्या जिल्ह्याचा या बाबतीतला पूर्वेतिहासही जरा अडचणीचाच आहे. नरसीचे नामदेव महाराज पंजाबात गेले ते परंपरेच्या हिशेबानं वीसेक वर्षं तिकडंच राहिले. बँक स्टेटमेंट नाही, परतीचं तिकीट नाही. २१४(ब)ची याहून ठळक केस सापडायची नाही. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्यांच्या मुक्कामाच्या गावी, घुमानला भरलं. पण हे साहेबाला सांगायचं नाही, असं पोरानं आबांना बजावलंय. कागद चोख म्हणजे कसे, ते विजय मल्ल्यांकडून शिकावं. २ मार्च २०१६ ला ते देशाबाहेर पडले तेव्हा राज्यसभेचे खासदार होते, खिशात राजनैतिक पासपोर्ट होता.

राहता राहिला परत येण्याचा पुरावा. तो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीत दोन-तीन मिनिटांत पटवून द्यायचाय. सातबारा आहे, पण त्यावर वाद आहे. उत्तरेकडचा फूटभर बांध शेजाऱ्यानं कोरला, असं आबा म्हणतात. आबांनी कोरला, असं शेजारी म्हणतो. तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत, बोलणं बंद आहे. आबा अमेरिकेला निघाल्याची बातमी लागली तसा तो शेजारी स्वतः दुकानात येऊन उभा राहिला. आबांकडं न बघता पोराला म्हणाला, “पाचशेच्या स्टँपवर लिहून देतो. ह्यो गडी त्यो बांध सोडून कुटंच ऱ्हायाचा न्हाई. पुढल्या तारखंला हजर नसला तर माझं नाव बदला.”

पोरानं फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. अपलोड फक्त फोटोच होत होता.