आमची स्पर्धा संपवल्याबद्दल

मा. गृहमंत्री, ब्रिटन सरकार, लंडन यांस,

आपले आभार मानायचे २६ मे २०१६ पासून राहून गेलेत. त्या दिवशी आपला सायकोअ‍ॅक्टिव्ह सबस्टन्सेस कायदा लागू झाला आणि आमच्या धंद्याला बरकत आली. त्याआधी नशेचा माल विकणारे हेडशॉपवाले ‘मानवी सेवनासाठी नाही’ असं छापलेली रंगीत पाकिटं राजरोस मांडून बसत. त्यांना दुकान, पाटी, पत्ता. गिऱ्हाईक भांडायला तरी परत जाऊ शके. मँचेस्टरच्या पिकॅडिली गार्डन्समध्ये बाकड्यावर बसणाऱ्या माझ्यासारख्याचा काय पाड लागणार? आपण दुकानं उठवलीत. गिऱ्हाईक उठून माझ्याकडे आलं. विक्री रस्त्यावर सरकल्याचं आपल्याच खात्याच्या २०१८च्या आढाव्यात आहे, म्हणजे मी बढाई मारत नाही.

आपली अडचणही कळते. २०१० मध्ये मेफेड्रोनवर (मुंबईकर ज्याला एमडी म्हणतात) बंदी घातलीत, तर दुसऱ्या पावडरी आल्या. कंटाळून आपण मेंदूला चेतवणाऱ्या किंवा मंदावणाऱ्या, मनःस्थिती बदलणाऱ्या सगळ्याचाच व्यापार बंद केलात. मग दारू, तंबाखू, कॉफी, खाणंपिणं, औषधं हळूच बाजूला काढलीत. अपाय किती, हा कटकटीचा प्रश्नच उरला नाही!

लाफिंग गॅसने मात्र आपली फजिती केली. २०१७ मध्ये दोन खटले कोसळले, कारण इस्पितळात तो औषध म्हणून देतात आणि औषधाला सूट. पुढे अपील न्यायालयाने सांगितलं, फुग्यात भरून विकायचा तो औषध नव्हे. म्हणजे बाळंत होताना हुंगला तर उपचार, तो वापरून मलई फेटली तर स्वयंपाक, जत्रेत फुगा विकला तर गुन्हा. शेवटी २०२३ मध्ये आपण तो नाव घेऊन जुन्याच अमली पदार्थांच्या कायद्यात घातलात. एकेक नाव घ्यायचा कंटाळा आला म्हणूनच नवा कायदा केला होतात ना?

पॉपर्सचं, म्हणजे हुंगायच्या बाटल्यांचं, निराळं. जानेवारी २०१६ मध्ये कॉमन्समध्ये एक खासदार उठले आणि ‘मी स्वतः वापरतो’ म्हणाले. मार्चपर्यंत आपल्या अमली पदार्थ सल्लागार मंडळाचं मत आलं, की त्याचा परिणाम थेट मेंदूवर नाही, रक्तवाहिन्यांवर होतो. सबब ते व्याख्येत बसत नाहीत, असं तेव्हा ठरलं. माझ्या गिऱ्हाइकांत खासदार नाहीत, बेघर आहेत. ते स्पाइस ओढतात.

स्पाइस म्हणजे वाळक्या पाल्यावर फवारलेलं रसायन. फवारा कुठे जास्त बसतो, कुठे कमी. त्यामुळे एकाच पुडीतली एक चिमूट काहीच करत नाही, दुसरीने माणूस भर चौकात कमरेतून वाकून तसाच थिजतो. पुडीत काय आहे ते मलाही ठाऊक नसतं, आणि कुणी विचारतही नाही.

तेव्हा एकच विनंती. महोत्सवांत माल तपासून ‘यात हे आहे, इतकं आहे’ असं सांगणारे काही लोक तंबू टाकू पाहतात. त्यांना परवान्यांच्या कागदांत असंच अडकवून ठेवावं. गिऱ्हाईक शहाणं झालं, तर मी खायचं काय?

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृपाभिलाषी,
बाकड्यावरचा