सेन्सर गेलाय, शेठ!

चिंचोटीपासून शिरसाडपर्यंत अहमदाबाद हायवेच्या दोन्ही अंगांना पंक्चरवाले, कमानवाले, ताडपत्रीवाले बसलेले असतात. त्यांच्यात अलीकडे एका नव्या जातीची भर पडली आहे: सेन्सरवाले उस्ताद.

उस्तादांची उमेदीची वर्षं गेली जुन्या डिझेल गाड्यांवर. इंजिनाला कान लावला की दुखणं कळायचं. मग 1 एप्रिल 2017 ला देशभर धुराचा बीएस फोर नियम आला, 1 एप्रिल 2020 ला बीएस सिक्स, आणि बॉनेटखाली वायरींचं जंजाळ माजलं. उस्ताद डगमगले नाहीत. त्यांनी एक शब्द शिकून घेतला आणि त्यावर दुकान चालवलं. पिकअप नाही? सेन्सर. अॅव्हरेज पडलं? सेन्सर. एका टेम्पोचं दार लागत नव्हतं, तेव्हासुद्धा शब्द अगदी ओठांवर आला होता.

वालीवहून माल भरून भिवंडीला निघालेला एक सीएनजी टेम्पो धक्के खात त्यांच्या दारात आला.

"रेस दिली की झटके मारतोय, उस्ताद. चेकलाइट पण पेटलीय."

"टीपीएस गेलाय, शेठ." हातातला चहा खाली ठेवला नव्हता.

"बघा तरी आधी!"

"त्यात बघायचं काय? स्कॅनर पण तेच बोलणार."

स्कॅनर खरंच तेच बोलला. थ्रॉटल पोझिशनच्या सर्किटात बिघाड. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर आणि कपलर असं सगळंच आलं. पण उस्तादांनी पहिला शब्द ऐकला आणि पोऱ्याला दुकानात पिटाळलं.

खरं तर हा टीपीएस, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गरीब प्राणी आहे. थ्रॉटलची झडप किती उघडली, एवढंच त्यानं कॉम्प्युटरला कळवायचं. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणात असते तीच विद्या. वायरी तीन: एकीत पाच व्होल्ट, दुसरी अर्थिंगची, तिसरी निरोप नेणारी. रेस सोडलेली असताना तिसरीवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या, आणि मधे तो सरळ चढत जावा. उडी मारली तर सेन्सर खराब. मल्टिमीटर लावला की दोन मिनिटांचं काम. उस्तादांकडे मल्टिमीटर आहे. गल्ल्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, सेल नसलेला. त्यांची भिस्त टेस्टलॅम्पवर. बारा व्होल्टचा दिवा पाच व्होल्टच्या वायरीवर पेटून पेटणार किती? नुसता मिणमिणला. "करंट वीक आहे," उस्ताद म्हणाले, आणि पुढे अडीअडचणीला लागेल म्हणून हे निदान राखून ठेवलं.

नवा सेन्सर बसला. झटके चालूच.

"डुप्लिकेट पीस निघाला."

दुसरा आला, होलोग्रामच्या खोक्यातला. झटके चालूच.

"नवा आहे ना, गाडी ओळखत नाही त्याला." यात तथ्य आहे, काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर झडपेची बंद जागा कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावी लागते. त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. ओळख झाली, झटके राहिले.

"मग ईसीएम, गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय," उस्ताद गंभीर झाले. किंमत ऐकून शेठ टायरवर टेकले.

नंबर बघायला उस्ताद बॉनेटखाली वाकले, तेव्हा त्यांचं कोपर वायरींच्या जुडग्यावर दाबलं गेलं आणि इंजिनाचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. कोपर उचललं, झटके. कोपर टेकलं, लोणी. कपलर उघडला तर आतल्या पिना हिरव्यागार. मिठागरांची हवा आणि दर पावसाळ्यात वसई-नालासोपाऱ्यात तुंबणारं पाणी यांनी आपलं काम चोख केलं होतं. पोऱ्यानं ब्रश फिरवला, स्प्रे मारला, ढिली पिन आवळली. टेम्पो शहाण्यासारखा वागू लागला.

"मी काय बोललो होतो, शेठ? सेन्सरच्याच लाइनमध्ये होतं!"

बिल दोन सेन्सरांचं झालं. 'इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जाणार नाही' ही पाटी भिंतीवर होतीच. कपलर साफ केल्याचे पैसे मात्र उस्तादांनी घेतले नाहीत. "तेवढं माणुसकीनं करून दिलं." गाडीतून काढलेला जुना, अगदी धडधाकट सेन्सर ड्रॉवरमध्ये गेला. पुढच्या गिऱ्हाइकाला तो 'कंपनीफिटिंगचा' म्हणून मिळेल.

तरी त्या पट्ट्यात गाडी अडली, तर उस्तादांकडे बिनधास्त जा. भर पावसात रात्री दोनला हाक मारली तरी टॉर्च घेऊन येतात, असं दुसरं कुणी येत नाही. फक्त आधी कपलर उघडायला लावा, आणि मल्टिमीटरचा सेल घरून न्या.