अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस

नागपूरहून कुहीला जायला कारण कशाला लागतं, असं माझा मेहुणा म्हणतो. त्याला दुसऱ्यांदा जेवायला बसायलाही कारण लागत नाही. मला लागतं. मिक्सरचं भांडं घ्यायचं तरी मी महिनाभर अभ्यास करतो आणि शेवटी बायको जाऊन दुसरंच घेऊन येते. या हिवाळ्यात माझा अभ्यास टायरवर चालला होता.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मी बॅटरीची सायकल चालवतो. लांब पल्ल्याची, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायची सोय असलेली. मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरला आपोआप बंद पडणारी, म्हणून तिला लायसन लागत नाही, नंबरप्लेटही नाही. तिचे मूळचे टायर गुळगुळीत झाले होते, त्यातही मागचा जास्त. मोटर मागच्या चाकात, पिशव्या मागच्या चाकावर आणि मीही बराचसा मागच्याच चाकावर. टायरच्या कडेला कमाल भार छापलेला असतो. सायकल, सामान आणि मी अशी बेरीज करून पाहिली, आणि माझ्या वजनाविषयी इतक्या सभ्य भाषेत आजवर कुणी लिहिलं नव्हतं हे लक्षात आलं.

मला हवा होता अष्टपैलू टायर. डांबरावर पळावा, मुरमावर घसरू नये, बाभळीच्या काट्याला भीक घालू नये, बॅटरी खाऊ नये आणि खिशालाही झेपावा. एवढ्या अटी घालून लोक मुलीसाठी स्थळसुद्धा बघत नाहीत. अभ्यासात बरंच काही हाती लागलं. सायकलच्या टायरवरची नक्षी डांबरावर जवळजवळ शोभेचीच असते. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की पावसातही तो पाण्यावर तरंगत नाही, पाणी कापतच जातो. नक्षीचा उपयोग चिखलात, आणि आपल्याकडची काळी माती तर नक्षीत जी जाऊन बसते ती पोळ्यापर्यंत निघत नाही. रुंदी ४५-५० मिलिमीटर असावी, हवा पन्नास-पंचावन्न पौंड. ‘खास इलेक्ट्रिक सायकलसाठी’ असं छापून जास्त पैसे घेतात, पण त्या छापामागची कडक चाचणी मुळात ताशी ४५ च्या वेगानं पळणाऱ्या युरोपातल्या सायकलींसाठी आहे. पंचविशीत थकणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या सायकलीनं आणि मी, तिकडं बघायचं कारण नाही. मॅरेथॉन प्लस नावाच्या जर्मन टायरात नक्षीखाली पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो. सराट्याचा काटा त्यात अडकून हताश होतो म्हणे. बाभळीचा काटा बोटभर लांब असतो आणि त्यानं जर्मन पुस्तिका वाचलेली नसते, एवढीच काय ती शंका.

‘भाऊजी,’ मेहुणा म्हणाला, ‘टायर काही घरी बसून समजत नसतो. अंभोऱ्याला जाऊ. कुहीवरून. रस्त्यावर आपोआप समजते कोणता पाहिजे तो.’

त्याची सायकल त्याच्या वडिलांची. काळी, उंच, दांड्याची, पुढं घंटी आणि मागं कॅरियर. तिला मोटर नाही, गिअर नाहीत आणि अभ्यास तर मुळीच नाही. निघताना मी माझ्या ॲपवर बॅटरीचा पल्ला, चढ, वाऱ्याची दिशा बघत होतो, तोवर तो दिघोरी नाक्यावर चहा पिऊन मोकळा झाला होता.

उमरेड रस्त्यानं पाचगावपर्यंत सगळं सुरळीत. पाचगावला गिट्टीच्या खाणी आणि क्रशर. टिप्परमधून सांडलेली गिट्टी रस्त्याच्या कडेला पसरलेली असते, आणि टिप्पर आला की सायकलवाल्याला कडेलाच जावं लागतं. तिथं एका धारदार खड्यानं माझा मागचा टायर कापला. खाली नव्हे, बाजूनं. पाच मिलिमीटरचा थर असता तरी तो नक्षीखाली असता, बाजूला नाही. बाजू म्हणजे नुसतं पातळ कापड आणि वर रबराचा हात. चिरेतून ट्यूबचा काळा फुगा बाहेर डोकावायला लागला.

मेहुण्यानं पानठेल्यावरून खर्ऱ्याची पन्नी मागून आणली. ज्यांनी नागपुरी खर्रा पाहिला नाही त्यांना सांगतो, हा तंबाखू-सुपारीचा ऐवज जाड प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटतात, आणि ही पन्नी फाटता फाटत नाही. चार घड्या घालून ती त्यानं चिरेच्या आतून सरकवली. विदर्भाच्या तोंडांचं तिनं जे केलं असेल ते असो, माझ्या टायरचं रक्षण तिनं कुहीपर्यंत केलं. मात्र दर फेऱ्याला ‘फट्’ असा आवाज येत होता. टायरला उचकी लागली होती.

कुहीत कडुनिंबाखाली सायकलमिस्त्रीचं दुकान सापडलं. एक पंप, एक पाण्याचं घमेलं, खांबाला अडकवलेली टायरांची माळ. शेजारीच मिरचीचा सातरा. लाल मिरचीचा ढीग आणि त्याभोवती पदर नाकाला बांधून देठ खुडत बसलेल्या बायका.

‘मागचा टायर बदलायचाय,’ मी म्हणालो. ‘सहाशे बावीस.’

मिस्त्रीनं माझ्याकडं कणवेनं पाहिलं. ‘सहाशे बावीस? कोणं घेतले जी तुमच्यापासून एवढे? माह्याकडं साडेतीनशेले हाये.’

इथं दोन मिनिटं थांबून मला चिडू द्या. माझ्या टायरवर लिहिलंय २८ × १.७५. खेड्यापाड्यातल्या काळ्या सायकलीच्या टायरवर लिहिलेलं असतं २८ × १½. दोन्ही अठ्ठावीस. पण हे अठ्ठावीस इंच टायरच्या बाहेरच्या अंगाचे, तेही ढोबळ. टायरची कड रिमवर जिथं बसते तिथला व्यास माझ्या चाकाचा ६२२ मिलिमीटर आणि काळ्या सायकलीचा ६३५. हाच ६२२ कुठं ७०० या नावानं विकतात आणि डोंगरी सायकलींमध्ये २९ म्हणून. सव्वीसची तर कथाच वेगळी, त्या एका नावाखाली निदान चार मापं नांदतात. हा घोळ निस्तरायला ४७-६२२ अशी सरळ पद्धत निघाली, आधी रुंदी, मग कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायरच्या कडेवर ती बारीक अक्षरात छापतात, अठ्ठावीस मात्र ठसठशीत.

हे सगळं मी कुहीत, भर दुपारी, सविस्तर समजावून सांगितलं. मेहुण्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘भाऊजी, तुमच्या टायरवर काय लिहिलंय? अठ्ठावीस. यांच्याकडं काय आहे? अठ्ठावीस. मग?’

घोळ वाढला तो या ‘भाऊजी’नं. मिस्त्रीनं विचारलं, ‘हे जावई होत का तुमचे?’ मेहुणा ‘हो’ म्हणाला आणि माझा मताधिकार संपला. खुर्ची आली, चहा आला. मी पान्याला हात लावला की कुणीतरी ‘राहू द्या जावईबापू’ म्हणून तो काढून घेई. जावयाचं ऐकायचं सगळं असतं, करायचं काहीच नसतं.

चाक काढणं सोपं नव्हतं. मोटरची वायर आधी सोडवायची, मग दोन्ही बाजूंचे नट, मग आस फिरू नये म्हणून लावलेले वायसर, आणि ते कोणत्या क्रमानं निघाले हे लक्षात ठेवायचं. ‘ह्यात पंख्याची मोटर बसवली का जी?’ मिस्त्रीनं चाक हातात तोलून विचारलं. मी चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्यांविषयी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेहुण्यानं गंमत म्हणून मागचा ब्रेक दाबून पाहिला. ज्या ब्रेकमध्ये तेल असतं तो चाक नसताना दाबायचा नसतो. आतले दोन्ही पॅड एकमेकांना जाऊन भिडले. मागाहून ते चपट्या पेचकसानं विलग करताना मिस्त्रीच्या तोंडून जे निघालं ते जावयासमोर बोलायचं नव्हतं.

नवा टायर रिमवर चढवला. चढवला कसला, पडला. एरवी टायरची शेवटची वीतभर कड रिमवर घेताना अंगठे सोलून निघतात, हा नुसत्या हातानं बसला. मिस्त्रीही क्षणभर थबकला. ‘लयच सोप्पा बसला बा,’ तो पुटपुटला. मी खुर्चीतून ओरडलो, ‘तेरा मिलिमीटर!’ मेहुणा म्हणाला, ‘भाऊजी, चहा घ्या.’

पंप सुरू झाला. दहा-बारा हातांनंतर टायरची कड एका बाजूनं रिमवरून हळूच वर आली. मग तिच्या खालून ट्यूब निघाली, आधी लिंबाएवढी, मग पपईएवढी. मिस्त्रीनं पंप सोडला, मेहुण्यानं कान झाकले आणि ट्यूब फुटली. मिरचीच्या ढिगापासून चार हातांवर.

आवाजाचं मला विशेष वाटलं नाही. पण त्या धक्क्यानं जो तांबडा धुरळा उठला त्यानं पुढं बराच वेळ त्या चौकात कुणाला वाक्य पुरं करता आलं नाही. मिस्त्री शिंकला, मेहुणा शिंकला, मी खुर्चीसकट शिंकलो. सातऱ्यावरच्या बायकांना काही झालं नाही, त्यांची नाकं बांधलेली होती. एक म्हातारी तेवढी उठून आली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘जावयाले पाणी द्या वो कोनी!’

शिंका ओसरल्यावर मिस्त्रीनं मला जिंकणारी गोष्ट केली. सुतळी घेतली आणि माझ्या रिमवर टायरची कड बसते त्या खोबणीतून एक वेढा मापला. मग तीच सुतळी नव्या टायरच्या कडेला आतून लावली. दोन बोटं कमी पडली. त्यानं पुन्हा लावून पाहिली, पुन्हा दोन बोटं. माझं सारं वाचन त्यानं सुतळीच्या एका तुकड्यात आटपलं होतं.

‘टायर बराबर हाये,’ त्यानं निकाल दिला, ‘तुमचं चाक चुकलं.’

‘मग गाडीनं परत जाऊ,’ मेहुणा म्हणाला. गाडी म्हणजे कुहीची लहान गाडी, इतवारी-नागभीड. तिचे रूळ ७६२ मिलिमीटरचे, ब्रॉडगेज १,६७६ चा, आणि मापं जुळेनात म्हणून २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली. मिलिमीटरनं अडवलेले या गावात आम्हीच पहिले नव्हतो.

शेवटी मिस्त्रीनं माझाच जुना टायर पुन्हा घेतला. एका मेलेल्या टायरचा वीतभर तुकडा कापला, त्याच्या कडा कातरीनं तासून पातळ केल्या, कानस मारली, सोल्युशन लावलं, फुंकर घालून सुकवलं आणि चिरेच्या आतून चिकटवला. याला गेटर म्हणतात. खर्ऱ्याची पन्नी त्यानं जपून बाजूला ठेवली, ‘मजबूत हाये’ म्हणून. हात चालू असताना बोलणंही चालू होतं. त्याचं दुकान पूर्वी इथं नव्हतं, नदीकाठच्या त्याच्या गावात होतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं तेव्हा तो पोरसवदा होता. ‘मंग पानी आलं, खूप वर्सांनी.’ गावात सायकली बऱ्याच होत्या. कोणाच्या ट्यूबला कुठं ठिगळ आहे ते त्याला पाठ होतं. मास्तरची सायकल आवाजावरून ओळखू यायची, तिची चेन ढिली होती आणि मास्तर ती घट्ट करू देत नसे. ‘मोबदला भेटला तवा समद्यायनं फटफट्या घेतल्या. आन् गाव इकडं-तिकडं झालं. आता कोन कुठं पंचर काढते, काय मालूम.’

मला काही बोलता आलं नाही. मेहुणाही गप्प होता, आणि हे फार क्वचित घडतं. मिस्त्रीनंच घमेल्यातलं पाणी झाडाला ओतलं आणि विचारलं, ‘हवा किती मारू जी?’

‘पन्नास पौंड,’ मी खिशातून डिजिटल गेज काढत म्हणालो. ते लागेना. फुटलेल्या ट्यूबच्या जागी त्यानं काळ्या सायकलीची ट्यूब घातली होती. ट्यूब रबराचीच, ताणून कुठंही बसते, पण तिचा वॉल्व्ह आपला देशी, आत वॉलट्यूबची नळी असलेला, आणि माझं गेज त्याला ओळख दाखवेना. मिस्त्रीनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. ‘झालं पन्नास.’ नंतर घरी मोजायचा प्रयत्न केला, पण अंगठ्याला आकडे नसल्यामुळे पडताळा घेता आला नाही.

१८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तेव्हा त्याच्यापुढं दुकानात काय मिळतं हा प्रश्न नव्हता. मिस्त्रीपुढं तोच होता. निघताना मी त्याला विचारलं, लांबच्या प्रवासाला टायर कोणता चांगला?

‘जो कुहीत भेटते तो.’

पैसे त्यानं गेटरचे आणि ट्यूबचे घेतले. फुटलेल्या ट्यूबचे घेईना. जावयाकडून कसे घ्यायचे म्हणे.

पुढचं थोडक्यात. कुही तालुक्यात अडम नावाचं गाव आहे, तिथं पुरातत्त्व खात्यानं १९८८ ते १९९२ उत्खनन केलं. सातवाहनांची नाणी निघाली, ६२२ चा टायर मात्र नाही. अंभोऱ्याला संध्याकाळी पोचलो. संगमावर चैतन्येश्वराचं दर्शन घेतलं, तारांचा नवा पूल लांबून पाहिला. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथंच लिहिला असं अंभोऱ्याचे लोक सांगतात, आंबेजोगाईचे लोक तिकडं लिहिला म्हणतात. मेहुण्यानं दोघांचंही मान्य केलं. त्याला भूक लागली होती. बॅटरी एका घरी चार्जिंगला लावली तेव्हा घरमालकीण म्हणाली, मोबाइल मोठा आहे बाप्पा.

नागपूरला येऊन मी ४७-६२२ चे टायर मागवले. नक्षी कमी, थर जाड, बाजूला मजबूत कापड, जुन्यापेक्षा वजनदार आणि बॅटरीला थोडे महाग. दोन नव्हे, तीन मागवले. बायकोनं विचारलं, सायकलीला चाकं किती? तिसरा मेहुण्यासोबत कुहीला पाठवला, मिस्त्रीकडं ठेवायला. असला टायर कुहीतही भेटला पाहिजे.

मेहुणा परवा तिकडून येऊन सांगत होता, मिस्त्रीनं तो खांबावरच्या माळेत सगळ्यात वर अडकवलाय. कुणी भाव विचारला तर सहाशे बावीस सांगतो, आणि एक रुपया कमी करत नाही.