बॉटनीकाका

बॉटनीकाकांच्या घरी एकादशीला फराळाला जाऊ नये. एरवीही जपूनच जावं, पण एकादशीला नाहीच. ताटात वरीचे तांदूळ पडले की ते चष्मा कपाळावर सरकवतात.

"वरी कुठल्या कुळातली?"

आपण दाण्याच्या आमटीकडे बघत राहायचं.

"गवताच्या! तांदूळ, गहू, बाजरी, ऊस, बांबू ही सगळी तिची चुलत भावंडं. तुम्ही सरळसरळ भात खाताय."

झाला उपास. राजगिऱ्याला मात्र ते सोडून देतात, कारण तो गवत नव्हे, माठाचा सख्खा. बटाटा हे खोड, त्याला डोळे असतात आणि डोळा म्हणजे कळी. रताळं हे मूळ. साबुदाणा कसाव्याच्या मुळातलं पीठ. आणि बटाटा, रताळं, कसावा, शेंगदाणा, मिरची, झालंच तर तो राजगिराही मूळचा अमेरिकेतला. "म्हणजे उपासाला अख्खी अमेरिका चालते, घरची बाजरी तेवढी चालत नाही," असं म्हणून ते स्वतः खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतात. दाण्याच्या कुटावर आले की आवाज हळवा होतो. भुईमुगाचं फूल वर फुलतं आणि फळ जमिनीत धरतं. फलन झालं की फुलाच्या बुडाशी आरी सुटते, ती वाकून मातीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग भरते. "स्वतःच्या पोरांना स्वतःच्या हातानं पेरणारी दुसरी आई दाखवा," काका म्हणतात. काकू म्हणतात, "अहो, ताक घ्या."

मला विचाराल तर त्यांचं काहीच चुकत नाही, आणि त्यांच्याशी वागण्यातला त्रास तोच आहे.

बी.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास. पण १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढं गावोगाव शाखा निघाल्या आणि त्या काळच्या कितीतरी सायन्सवाल्यांसारखे काकाही काउंटरमागं जाऊन बसले. जास्वंदीचा उभा छेद घेणारा हात आयुष्यभर व्हाउचरवर सह्या करत राहिला. आतलं शास्त्र काही मेलं नाही. पीककर्जाच्या पाहणीला गेले असता त्यांनी अहवालात म्हणे लिहिलं होतं : 'कर्जदाराची केळी बिनफलनाची असून संपूर्ण वंध्य आहेत.' वरच्या ऑफिसातून तातडीनं विचारणा आली, की या रोगाचा विमा उतरवला आहे काय? केळ्यात बी धरत नाही, लागवड मुनव्यांवर होते आणि म्हणूनच केळं खाता येतं, हे काकांनी तीन पानी उत्तरात कळवलं. पुढची बदली कापडबाजारातल्या शाखेत झाली. तिथं सगळा मामला पॉलिस्टरचा. कापूस असता तर निदान सांगता आलं असतं, की तो बियांवरचा केस आहे.

लग्नात ते अधिक धोकादायक होतात. नवरदेवाच्या गळ्यातला गुलाबाचा हार चिमटीत धरून म्हणाले, "रानगुलाबाला पाकळ्या पाचच. या बाकीच्या सगळ्या मुळात पुंकेसर होत्या. म्हणजे नर मंडळींना कामावरून काढून शोभेला बसवलंय." नवरीच्या मावशीनं 'तेच बरं' अशी मान डोलावली. तेवढ्या उत्तेजनावर काका लिनिअसवर गेले. या स्वीडिश माणसानं १७३५ साली पुंकेसर मोजून वनस्पतींचे २४ वर्ग पाडले आणि वर्णन करताना सरळ नवरा-बायकोची भाषा वापरली. एका वर्गात तर एकाच नवरीच्या शेजेवर वीस किंवा जास्त नवरे! "उदाहरणार्थ, ही खसखस," काका शेजारच्याच्या पानातल्या अनारशाकडे बोट दाखवून म्हणाले. शेजाऱ्यानं अनारसा खाली ठेवला. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेकला हा सगळा प्रकार व्यभिचार वाटला, देव झाडांत असलं काही चालू देणार नाही असं त्याचं म्हणणं. लिनिअसनं त्याचं नाव एका चिकट तणाला दिलं. ते तण आपल्या सह्याद्रीतही सापडतं, हे सांगताना काकांना कोण आनंद! एवढ्यात 'शुभमंगल सावधान' झालं आणि काकांच्या अक्षता सवयीनं तपासूनच पडल्या.

गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेर उंबराखाली त्यांचा वर्ग भरतो. पडलेलं उंबर नखानं उघडून दाखवतात. हे एक फळ नव्हे, आत तोंड करून बसलेल्या शेकडो फुलांची कुपी. टोकाच्या बारीक भोकातून गांधीलमाशीच्या गोत्रातली इवलीशी मादी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. अंगावरचे पराग फुलांना लागतात, ती अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर तर बिनपंखीच जन्मतात. त्यांनी मीलन करायचं, माद्यांना बाहेर पडायला बोगदा कोरायचा आणि मरायचं. प्रदक्षिणा घालणाऱ्या एका आजोबांनी कानावर पडलेल्या एवढ्या माहितीवर अंजीर बर्फी सोडली. काकांनी घरी जाऊन समजूत घातली, की पुरंदरच्या अंजिराला फळधारणेसाठी या माशीची गरजच लागत नाही. तोवर आजोबांच्या सुनेनं बर्फी संपवली होती.

त्यांना पुरून उरणारी एकच, आमची भाजीवाली. काका सांगतात, कांदा म्हणजे पानांची जाडजूड बुडं आणि खालची चकती तेवढं खोड. ती म्हणते, "काका, चकतीसकटच तोलते मी."

सोसायटीच्या मागं एक पपई आपोआप उगवली. वाढली छान, फुलली भरपूर, लांब लोंबत्या तुऱ्यांनी, आणि फळ एक नाही. कमिटीनं काकांना मत विचारलं. काकांनी तुरा हातात घेऊन निकाल दिला, "नर आहे. फळ धरणार नाही." सेक्रेटरीबाईंनी माळ्याला कोयता आणायला सांगितला, आणि काका झाडाच्या आणि माळ्याच्या मध्ये उभे राहिले.

"नर आहे म्हणून तोडायचा? पपईचे बागायतदारसुद्धा दहा मादी झाडांमागं एक नर राखतात! परागकण कोण देणार?"

"आपल्याकडे मादी झाड एकही नाही, काका."

"शेजारच्या बंगल्यात दोन आहेत."

कमिटीतले सगळे पुरुष एकाएकी काकांच्या बाजूनं सरकले. सेक्रेटरीबाईंनी वही उघडली. "राहू दे. पण काम शेजारच्या बंगल्यात करतोय आणि पाणी आपलं पितोय, तेव्हा मेंटेनन्स कुणाच्या नावावर लावू?"

काकांनी तिथल्या तिथं चेक फाडला.