वाळवीबाईंना अनावृत पत्र

श्रीमती वाळवीबाई,
मुक्काम जुनी दप्तरं, माळवदं आणि लाकडी पेट्या,
चौसाळा, ता. जि. बीड

सा. न. वि. वि.

आमच्या गावच्या कागदांची आपल्याइतकी आस्था दुसऱ्या कुणी बाळगली नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याच नावे. मोडी असो की निजामाच्या अमलातली उर्दू, आपण लिपीची अडचण कधी सांगितली नाहीत. आमच्यातल्या शिकलेल्यांना पणजोबाचं खत उलटं धरलंय की सुलटं, तेवढंसुद्धा कळत नाही.

2023 साली मात्र आपल्या जेवणात व्यत्यय आला. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन नोंदींत ‘कुणबी’ शोधायची मोहीम निघाली आणि मराठवाडाभर वर्षानुवर्षांची गाठोडी सुटली. खासरा पत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, 1951 चं नागरिक रजिस्टर. ‘जुने कागद काय चाटायचेत?’ म्हणणारेच मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभे. शब्द सापडला की झेरॉक्स, नाही सापडला की पुढचं गाठोडं. जन्ममृत्यूच्या त्याच पानावर कोण कोणत्या दुखण्यानं गेलं, तेही लिहिलेलं असतं. ते वाचायला सवड कुणाला? दोष देत नाही, दाखला हा लेकरांच्या भवितव्याचा प्रश्न होता. फक्त ज्या गावचं दप्तर आपण आधीच फस्त केलं होतं, तिथल्या माणसाचा पणजा कोण होता, हे आता एकट्या आपणच सांगू शकता. दाखल्यावर आपली सही चालेल का, विचारून बघतो.

चौसाळ्याला कसला आलाय इतिहास, असं आपल्याला कुणी सांगितलं असेल तर त्यात तथ्य आहे. 1763 ची लढाई राक्षसभुवनला झाली, 1795 ची खर्ड्याला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली खजाना विहीरसुद्धा बीडकडेच राहिली. आमच्या वाट्याला सोलापूर-धुळे रस्ता. हो, आमच्या नावाचा एक विधानसभा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तोही गेला. 2009 नंतर मतदान करू लागलेल्या पोराला हे सांगितलं तर थाप वाटते.

पण बाई, आपण चवीच्या जाणकार, म्हणून आतली गोष्ट सांगतो. या मुलखाचा खरा इतिहास ऊसतोड मुकादमांच्या वह्यांत आहे. दसरा-दिवाळीला निम्मी गावं ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. कोण गेलं, कुठल्या कारखान्याला, कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ उचल किती, किती फिटली, किती अंगावर राहिली आणि खाडे किती पडले, सगळं त्या वहीत. खाली अंगठे. एवढा तपशील बखरीत नसतो. तिथं घोडे, हत्ती आणि मेजवान्या असतात.

2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. मग 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी करावी लागली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीचं दुखणंच नको, असं बायका सांगत होत्या. खाडा कुणाचा, कधी आणि त्याचे किती कापले, याचा पुरावा त्याच वह्यांच्या एका रकान्यात होता. त्या वह्या हंगाम संपला की चुलीत जातात, नाहीतर आपल्याकडे येतात. संग्रहालयाला तलवार द्यायला माणूस फेटा बांधून जातो. उचलीची वही द्यायला कोण जाईल? देणाऱ्याची उधारी आणि घेणाऱ्याची लाज, दोन्ही तिच्यात एकाच शाईत असतात.

तेव्हा एक अर्ज आहे. भाऊबंदकीच्या दाव्यांचे कागद खुशाल खा, ते पुन्हा तयार होतात. सत्काराची मानपत्रं तर आग्रहानं खा, आम्ही वाढायला येतो. पण गावातला कुणी शहाणा त्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवेपर्यंत त्यांना तोंड लावू नका. अशा कामाला ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही, एक रिकामी दुपार पुरते. आपल्याला आमच्यापेक्षा धीर जास्त आहे, हे आम्ही जाणून आहोत.

कळावे,
आपला एक चौसाळकर

ता. क. : हल्ली उचल फोनवर पडते आणि हिशेब व्हॉट्सॲपवर राहतो. फोन गटारात पडला की एक अख्खा हंगाम जातो, त्यात आपल्याला घासभरही मिळत नाही. धंद्यातला नवा भागीदार आला आहे, म्हणून आधीच कळवलं.