तात्यांचे भुंगे

गुहागरकडच्या आगरांत माडांवर जीव टाकणारी माणसं पुष्कळ आहेत. तात्यांचा जीव मात्र भुंग्यांवर आहे. यंदा नारळ किती लागले असं त्यांना विचारलंत, तर ते नारळ काढायला येणाऱ्या गड्याकडे बोट दाखवतील. काल रात्री भुंगे किती पडले ते विचारा. आकडा तर सांगतीलच, वर त्यात नर किती आणि माद्या किती तेही सांगतील. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात उताणा गेंड्या भुंगा, अशी त्यांची सकाळची ओटीवरची बैठक. नराचं शिंग लांब, मादीच्या बुडाशी तांबूस केसांचा झुबका. हा झुबका पाहिल्याशिवाय त्यांच्या ओटीवरून कोणाची सुटका नाही, मग तुम्ही लग्नाची पत्रिका द्यायला का आलेले असेनात.

सगळे आकडे कालनिर्णयच्या चौकोनांत. पूर्वी तिथे दुधाचा हिशेब असे. काकू आता तो तोंडी ठेवतात, आणि तेव्हापासून दूध महाग झालं अशी तात्यांची तक्रार आहे.

भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात एक व्याख्यान ऐकून आले, तिथून हे सुरू झालं. सापळा म्हणाल तर साधा: झाकणाची प्लास्टिकची बादली, वरच्या अंगाला भोकं, आत टांगलेली गंधाची पुडी. आपली समजूत अशी, की मादीच्या वासावर नर धावतात. गेंड्याचं उलटं आहे. इथे वास सोडतो नर, आणि येतात नर-माद्या सगळेच. पंगत बसल्याची कुणकुण लागली की आमची वाडी जमते तशी, आमंत्रण कोणाला होतं याची चौकशी न करता. तोच वास कारखान्यात तयार करून पुडीत भरतात. त्याचं नाव इथाइल फोर-मिथाइल ऑक्टॅनोएट. हे नाव तात्या न अडखळता घेतात. धाकट्या नातवाला हाक मारताना मात्र आधी दोघा-तिघांची नावं होऊन जातात.

शिफारस आहे हेक्टरी एक सापळा. तात्यांचं आगर तीस गुंठ्यांचं. म्हणजे हिशेबाने त्यांच्या वाट्याला बादलीची तिजाईसुद्धा येत नाही. त्यांनी पाच टांगले. पाचही गडग्याला लागून, कारण "भुंगा बाहेरूनच येतो" यावर त्यांची श्रद्धा. गडग्यापलीकडे शेजाऱ्याची नवी लागवड. वासावर आलेला प्रत्येक भुंगा बादलीतच पडेल असं काही नसतं. काही जवळपास घुटमळतात आणि समोर कोवळा माड दिसला की तिथेच उतरतात. कोंभ उलगडायच्या आत भुंगा तो आतून कातरतो, मग झाप बाहेर येतं ते कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं. शेजाऱ्याच्या रोपांची झापं तशी दिसू लागल्यावर तात्या गडग्यावरून म्हणाले, "बघा! तरी सांगत होतो, तुम्हीही सापळे लावा."

सल्ला खोटा नव्हता. सगळ्या वाडीने मिळून लावले तरच सापळ्यांचा खरा उपयोग. पण तो ज्या जागेवरून आणि ज्या आनंदाने दिला गेला, त्यामुळे दोन घरांतली हळदीकुंकवाची ये-जा त्या वर्षी थांबली.

तात्यांचे वडील तारेचा आकडा घेऊन शेंड्यातला भुंगा ओढून काढायचे. त्यांच्या वेळी मोजायचे ते नारळ.

गेंड्याने केलेल्या जखमेत पुढे सोंड्या शिरतो, आणि सोंड्या लागला की बहुधा माडच जातो. त्याच्यासाठी तात्यांकडे निराळी बादली आहे. तिला बाहेरून गोणपाट गुंडाळलेलं, म्हणजे भुंग्याला चढायला सोपं. या भुंग्याबद्दल तात्यांना भाऊबंदाइतका अभिमान. १९८० च्या दशकाच्या मध्याला तो आखाती देशांत पोचला आणि तिथल्या खजुरांच्या मुळावर उठला. तात्यांचा पुतण्या दुबईला असतो. त्याचा फोन आला की तात्या आधी खजुरांची चौकशी करतात, मग सुनेची.

गेल्या पावसाळ्याआधी कृषी सहायक ताई आल्या. तात्यांनी कालनिर्णय काढून पुढे ठेवलं. ताईंनी ते मन लावून पाहिलं, आणि गोठ्यामागचा शेणखताचा खड्डा दाखवा म्हणाल्या. फावड्याचा एक घाव घातला तर आत बोटभर जाडीच्या, वेटोळं केलेल्या पांढऱ्या अळ्याच अळ्या.

"तात्या, तुमचे भुंगे बाहेरून येत नाहीत. इथे वाढतात, माडावर जेवतात आणि तुमच्याच बादलीत पडतात."

तात्या क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे सगळे घरचेच?" त्यांच्या आवाजात खंत होती असं मला तरी वाटलं नाही.

ताईंनी खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळायला लावली. त्या बुरशीने अळ्या मरून ताठरतात आणि मग हिरव्या पडतात. काम चोख झालं. पावसाळा लागला, जून-जुलै हे खरे भुंग्यांचे दिवस, पण कालनिर्णयचे चौकोन रिकामे जाऊ लागले. एखादा भुंगा, कधी तोही नाही. नवीन झापं अखंड उलगडत होती, तिकडे तात्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आधी पुडी डुप्लिकेट ठरवली. मग दुकानदाराशी भांडले. मग बादल्यांच्या जागा बदलल्या. काकूंनी गुपचूप दुधाचा हिशेब परत चौकोनांत आणला.

परवा संध्याकाळी आमच्या अंगणात आले. इकडचं तिकडचं बोलले, चहा घेतला, मग आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, तुमच्या गोठ्यामागे उकिरडा आहे ना मोठा? त्यात ती बुरशी घातलीस का?"

नाही म्हटलं, येत्या रविवारी घालणार आहे.

"घाई काय आहे?" तात्या म्हणाले. "गणपती होऊन जाऊ देत की."