गाळ बघायला चीनला

डिसेंबर लागला की रत्नागिरीत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, कलमांखाली फवारणीचा पंप घेऊन तुडतुड्यांच्या मागे लागलेली. दुसरी, परदेशी टूरचं पत्रक घेऊन नातेवाइकांच्या मागे लागलेली. पहिल्यांना गाव सोडता येत नाही. मोहोर कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे ग्रुप टूरला जातात ते निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले आणि ज्यांचे पैसे पुण्यातला मुलगा भरतो ते.

सध्याची टूम चीनची. 2020 पासून बंद असलेली थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा उडू लागली, आणि पत्रकात शांघायच्या शेपटाला हांगझोऊ आलं. पश्चिम सरोवर, बोटीतून फेरी, चहाचे मळे, आणि कंसात 'भारतीय जेवण'. बुकिंग कंस वाचून होतं.

हांगझोऊचं नाव आपल्याकडे पोचवलं ते 2023 च्या आशियाई स्पर्धांनी. बीडच्या अविनाश साबळेनं तिथं स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, नागपूरच्या ओजस देवतळेनं तिरंदाजीत तीन सुवर्णं. ते घामाघूम होऊन परतले. जानेवारीत जाणाऱ्यांना ती सोय नाही. तिथं तेव्हा सरासरी पाच अंश असतात, आणि आमच्याकडे अठरालाच कानटोपी चढते.

हिवाळ्यातलं तिथलं नामांकित दृश्य म्हणजे तुटक्या पुलावर उरलेला बर्फ. गंमत अशी की पूल तुटलेला नाही आणि बर्फ साचेलच याचा भरवसा नाही. तरी शेकडो वर्षं लोक बघायला जातात. चिपळूणचा उड्डाणपूल 2023 मध्ये बांधता बांधताच खरोखर कोसळला. त्याला कुणी दोन काव्यात्म शब्द दिले नाहीत.

हांगझोऊच्या लिंगयिन मंदिरासमोर एक डोंगर आहे. चौथ्या शतकात हुईली नावाचा भारतीय भिक्षू तिथं पोचला आणि म्हणाला, हा तर आमच्याकडचा डोंगर, इथं उडत कसा आला? अशी आख्यायिका. प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतात, ते गाइडला सांगणार की मग आता परत द्या. काका, आपले डोंगर आता उडत नाहीत. चिरे होऊन ट्रकमधून जातात.

पण खरी बघायची गोष्ट पत्रकात एका ओळीत उरकलेली असते. 1089 मध्ये सू शी हांगझोऊचा कारभारी म्हणून आला. कवी म्हणून देशभर नावाजलेला, नोकरीत मात्र बदल्या आणि हद्दपारी भोगलेला. सरोवर पाणवनस्पती आणि गाळानं निम्मं बुजलं होतं. त्यानं दरबाराला अर्ज केला, भिक्षू होण्याचे सरकारी परवाने विकून पैसा उभा केला, माणसं लावली आणि सरोवर उपसलं. उपसलेला गाळ टाकायचा कुठे? त्यानं तो सरोवरातच टाकला, पण रेघेत. दक्षिणोत्तर पावणेतीन किलोमीटरचा बांध झाला, त्यावर सहा पूल, कडेला झाडं. आज लोक व्हिसा काढून ज्या वाटेवर फोटो काढतात, तो गाळाचा ढीग आहे.

एवढ्यावर थांबला असता तर साधा कार्यक्षम अधिकारी. त्यानं पाण्यात तीन दगडी मनोरेही उभे केले: यांच्यापुढे कुणी शिंगाडा लावायचा नाही, नाहीतर पुन्हा गाळ. ते मनोरे पुढे मिंग काळात नव्यानं बांधले गेले आणि आता एक युआनच्या नोटेवर छापलेले आहेत. त्यांच्याकडे अतिक्रमणाची हद्द नोटेवर आहे. आपल्याकडे ती नोटांवर ठरते.

आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला गाळही कुणाला नवा नाही. तो साचतो, नौका रुततात, निवेदनं जातात, मग पाऊस येतो. खरं सांगायचं तर समुद्राचा गाळ सरोवरापेक्षा चिवट. भरती दिवसाला दोनदा हजेरी लावते, ठेकेदार तेवढी लावत नाही. बंदरातली अनधिकृत बांधकामं 2025 च्या जानेवारीत हटवली. शिंगाडा आधी लावू द्यायचा, मग उपटायचा, अशी आपली रीत.

तिकडे 2002 मध्ये हांगझोऊनं सरोवराकाठच्या बागांची तिकिटं रद्द करायला सुरुवात केली. तिकीट नाही म्हटल्यावर माणूस जास्त रेंगाळतो, रेंगाळला की खातो, खाल्लं की राहतो. हे गणित कळायला कोकणी माणसाला टूरची गरज नाही. त्याला एकच कोडं पडतं, फुकट तलाव बघायला एवढे पैसे कशाला.

ते पैसे कार्यक्रमपत्रिकेत सापडतात. सू बांधावर 'फोटोसाठी थांबा', रेशमाच्या दुकानात दीड तास.

कुणी म्हणेल, मग लोकप्रतिनिधींचा अभ्यास दौराच काढा हांगझोऊला. नको. गाळाचा अभ्यास करायचा तर मिरकरवाडा रिक्षाच्या भाड्यात आहे. आणि तिकडे नेलंच, तर रेशमाच्या दुकानातून बाहेर काढायला ड्रेझर लागेल.